औषधाला पत्ता हवा

मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, पण त्या दिवशी त्यांनी गुडघे दाखवलेच नाहीत. खिशातून घडी घातलेले एक कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवले. 'नॅनो तंत्रज्ञानाने तयार केलेले तेल, थेट सांध्याच्या आत पोहोचते, झिजलेली गादी पुन्हा भरून आणते,' असा त्यातला मजकूर होता. लहानशा बाटलीची किंमत वाचून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यात काही तथ्य आहे का? मुलगा म्हणतो, मागवू या."

मी त्यांना सांगितले, "गुरुजी, यातले अर्धे खरे आहे. म्हणूनच उरलेले अर्धे जास्त धोक्याचे."

ओपीडीच्या गर्दीत यापेक्षा जास्त बोलता आले नाही. ते अपुरे राहिलेले उत्तर आज या सदरातून पूर्ण करतो. कारण हा प्रश्न एकट्या गुरुजींचा नाही. आपल्याकडे घरोघरी कुणाचे ना कुणाचे गुडघे दुखत आहेत आणि 'नॅनो' हा शब्द आता औषधाच्या बाटलीवरही येऊन बसला आहे.

दुखते एका ठिकाणी, औषध जाते सगळीकडे

गुडघा दुखतो म्हणून आपण गोळी घेतो. ती गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते, यकृतातून जाते आणि मग रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, जठर, सगळ्यांना तिचा वाटा मिळतो. ज्या गुडघ्यासाठी ती घेतली त्याच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा भाग येतो. गावात एकाच घरी द्यायचा निरोप दवंडी पिटून साऱ्या गावाला सांगावा, तसा हा प्रकार आहे.

दवंडीने नुसता गोंगाट होतो, इथे मात्र नुकसान होते. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके शरीरातली जी रसायने कमी करून सूज उतरवतात, तीच रसायने जठराच्या अस्तराचे रक्षण करीत असतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळत असतात. गुडघ्यात जे हवे आहे तेच पोटात नको आहे. म्हणून वर्षानुवर्षे मनाने गोळ्या घेणाऱ्याला कधी रक्ताची उलटी होते, तर कधी मूत्रपिंड थकल्याचे रक्ताच्या तपासणीत दिसते.

याहून वाईट प्रकार स्टिरॉइडचा. एक आठवण सांगतो, ती माझ्याच चुकीची आहे. मी नुकताच दवाखाना थाटला होता. शेतमजुरी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक मावशी आल्या. आठवडी बाजारात मिळणारी 'वाताची पुडी' त्या दोन वर्षे घेत होत्या. पहिल्या आठवड्यातच गुण आला होता, म्हणून सुटली नव्हती. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल, हातावरची कातडी कागदासारखी पातळ, जरा धक्का लागला की काळानिळा डाग, रक्तातली साखर वाढलेली. पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असणार हे मी ओळखले आणि रागाने म्हणालो, "ही पुडी आजच्या आज बंद करा."

मावशींनी माझे ऐकले. चौथ्या दिवशी त्यांना बैलगाडीतून आणले ते उलट्या, ग्लानी आणि तळाला गेलेला रक्तदाब घेऊन. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळू लागले की शरीरातल्या ग्रंथी ते स्वतः तयार करणे थांबवतात. मग बाहेरचा पुरवठा एकदम तोडला की माणूस कोसळतो. हे मी पुस्तकात वाचले होते, पण त्या क्षणी मला आठवले नाही. मावशी वाचल्या, ही त्यांची पुण्याई. तेव्हापासून मी कुणालाही पुडी एका दिवसात सोडायला सांगत नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करीतच ती सोडावी लागते. वाचकहो, ही ओळ कापून ठेवलीत तरी चालेल.

सांगण्याचे तात्पर्य असे की, सांधेदुखीवर औषधे नाहीत असे नाही. औषधे आहेत, पण त्यांना पत्ता नाही. पत्ता नसलेले पत्र जसे भलत्याच घरी पडते, तसे औषध भलत्याच अवयवात जाऊन पडते.

मग थेट गुडघ्यातच का टोचू नये?

हा विचार जुना आहे, आणि तसे केलेही जाते. गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की सूज उतरते आणि काही आठवडे आराम पडतो. पण सांधा हा गळका माठ आहे. सांध्याच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे आणि रसवाहिन्यांचे दाट जाळे असते. औषधाचे लहान रेणू काही तासांतच त्यातून बाहेर वाहून जातात. माठ भरलेला ठेवायचा तर पुन्हा पुन्हा ओतावे लागते, म्हणजेच पुन्हा पुन्हा टोचावे लागते.

त्याची किंमत काय, हे अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. गुडघ्याची झीज असलेल्या १४० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दर तीन महिन्यांनी ट्रायअ‍ॅम्सिनोलोन हे स्टिरॉइड, दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी, असे दोन वर्षे दिले. दोन वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही, मात्र स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या गुडघ्यातील कूर्चा अधिक झिजलेली आढळली. अधूनमधून एखादे इंजेक्शन योग्य कारणासाठी देणे वेगळे, आणि दर पाडव्याला-दसऱ्याला तेलपाणी केल्यासारखे टोचून घेणे वेगळे. आपल्याकडे दुसरा प्रकार फार बोकाळला आहे.

चाळणीतून जाणारा कण

आता नॅनोकडे वळू. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा एक अब्जावा भाग. रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटर रुंद असते. औषध वाहून नेणारे जे कण बनवले जातात ते साधारणपणे दहापासून काही शे नॅनोमीटरच्या घरातले असतात. चरबीचे पोकळ बुडबुडे, विरघळणाऱ्या प्लास्टिकजातीच्या पदार्थाच्या गोळ्या, झाडासारखे फांद्या फुटलेले रेणू, असे त्यांचे प्रकार आहेत. औषध त्यांच्या पोटात भरायचे किंवा अंगावर बांधायचे.

इतक्या लहान कणाचे काय काम? ते समजायला गुडघ्यातली 'गादी' समजली पाहिजे. रुग्ण म्हणतात, "डॉक्टर, गुडघ्यातलं ग्रीस संपलं." खरे तर झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. रक्तातून आलेल्या औषधाला तिच्या दारापर्यंत रस्ताच नाही. तिला जे काही मिळते ते सांध्यातल्या वंगणातून झिरपून मिळते. शिवाय ती म्हणजे बारीक विणीची चाळणी आहे. कोलॅजनच्या तंतूंचे जाळे, आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे, ऋण विद्युतभार असलेले रेणू ठासून भरलेले.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उंदरांच्या सांध्यात दोन आकाराचे कण सोडून पाहिले. ३८ नॅनोमीटरचे कण कूर्चेत शिरले, ९६ नॅनोमीटरचे बाहेरच राहिले. लहान कणांच्या अंगावर कोलॅजनला चिकटणारा एक प्रथिनाचा तुकडा बसवला होता, म्हणून ते आत जाऊन टिकलेही. चाळणीचे भोक आणि कणाचा आकार यांचा मेळ बसला की काम होते, हे त्यातून दिसले.

पुढचे पाऊल अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पडले. पॉला हॅमंड आणि अ‍ॅलन ग्रॉड्झिन्स्की यांच्या पथकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात झाडासारख्या फांद्यांच्या रेणूवर कूर्चेची वाढ करणारे एक प्रथिन बांधले. त्या रेणूवर धन विद्युतभार ठेवला. कूर्चा ऋण भाराची, कण धन भाराचा, त्यामुळे ओढ आपोआप लागते. पण ओढ फार झाली तर कण पृष्ठभागावरच चिकटून बसतो, आणि कमी पडली तर वाहून जातो. म्हणून भार बेताचा ठेवला. गच्च भरलेल्या एस.टी.त माणूस जसा एक दांडी सोडून पुढची पकडत पकडत आत सरकतो, तसा हा कण आत सरकत जातो. माणसाच्या कूर्चेइतक्या जाड, गाईच्या कूर्चेत तो दोन दिवसांत आरपार गेला. उंदराच्या जातीच्या मोठ्या घुशींमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, ते औषध सांध्यात तीस दिवसांपर्यंत टिकले आणि कूर्चेची हानी नुसत्या औषधापेक्षा कमी झाली.

गळका माठ महिनाभर भरलेला राहिला! ही बातमी वाचली तेव्हा मला त्या मावशींची आठवण झाली, हे कबूल करतो.

दोन रोग, दोन पत्ते

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ज्याला आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो तो एक रोग नाही. आतापर्यंत सांगितले ते झिजेच्या संधिवाताबद्दल. त्यात पत्ता आहे कूर्चेचा, आणि रस्ता आहे सुईने सांध्यात जाण्याचा.

आमवात हा निराळा. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. बोटांचे, मनगटांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर किंवा जास्त वेळ हात आखडलेले राहतात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. यात एकाच वेळी अनेक सांधे धरलेले असल्याने प्रत्येकात सुई टोचणे शक्य नसते. पण निसर्गाने इथे एक फट ठेवली आहे. सुजलेल्या सांध्यातल्या रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात. शिरेतून सोडलेले सूक्ष्म कण धडधाकट वाहिनीतून बाहेर पडत नाहीत, पण सैल झालेल्या वाहिनीतून सांध्यात पाझरतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. आणि सूज भडकवणाऱ्या पेशी नेमक्या त्याच असतात! म्हणजे चोराने स्वतःच बेडी उचलून हातात घालावी, तसे झाले. प्राण्यांवरील प्रयोगांत ही युक्ती चांगली चालली आहे.

विचार आजचा नाही

'नॅनो' हा शब्द नवा वाटतो, पण ही कल्पना जुनी आहे. रोगाच्या जागीच लागणारी 'जादूची गोळी' हवी, असे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक शंभराहून अधिक वर्षांपूर्वी म्हणत होते. आपण त्यालाच रामबाण म्हणतो. चरबीच्या बुडबुड्यात स्टिरॉइड भरून ते सांध्यात टोचण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये १९७८ साली सशांवर आणि १९७९ साली आमवाताच्या रुग्णांवर झाला. म्हणजे सांधेदुखी हा या विद्येचा पहिल्यापासूनचा विषय आहे. पण अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली ती कर्करोगाच्या औषधाला, १९९५ साली.

आणि आपल्यापैकी पुष्कळांनी हे तंत्र पाहिलेही आहे, नाव माहीत नव्हते इतकेच. २०२१ मध्ये करोनापाठोपाठ काळ्या बुरशीचा रोग आला तेव्हा 'लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन' या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून धावत होते. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन जुने आणि स्वस्त, पण मूत्रपिंडाला फार त्रासदायक. तेच चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यात भरले की त्रास कमी होतो. औषध तेच, वाहन बदलले, आणि किंमत कित्येक पटींनी वाढली. हा धडा पुढच्यासाठी लक्षात ठेवू या.

त्याच औषधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चरबीच्या बुडबुड्यातले भारतीय अ‍ॅम्फोटेरिसिन दिल्ली विद्यापीठातील प्रा. बच्छावत यांच्या संशोधनातून आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या पथकाने घेतलेल्या चाचण्यांतून उभे राहिले. पुण्यातील जेनोव्हा या कंपनीच्या करोनावरील एमआरएनए लसीला २०२२ च्या जूनमध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. तीही चरबीच्या सूक्ष्म कणांवरच स्वार झालेली लस आहे. म्हणजे ही विद्या सातासमुद्रापार राहिलेली नाही.

मग गाडे अडले कुठे?

वाचक विचारतील, एवढे सगळे आहे तर गुडघ्यासाठीचे औषध कुठे आहे? कूर्चेचा पत्ता शोधून तिथे जाणारे आणि ती भरून आणणारे नॅनो औषध अजून बाजारात आलेले नाही. याची कारणे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत.

पहिले कारण, घुशीचा गुडघा आणि माणसाचा गुडघा एक नाही. तिची कूर्चा एक मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, आपली काही मिलिमीटर जाड. शिवाय तिला शस्त्रक्रियेने इजा करून काही आठवड्यांत मोजमाप घेतात, आपला गुडघा वीस वर्षे झिजत असतो.

दुसरे कारण, शिरेतून सोडलेले कण पत्त्यावर पोहोचतातच असे नाही. यकृत आणि प्लीहा त्यांना वाटेतच पकडतात. कर्करोगाच्या गाठींबाबत दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा वाटा ढोबळ मानाने ०.७ टक्के निघाला. शंभर पत्रे टाकली तर एकही धड पोहोचत नाही, असे म्हणा. सांध्यात थेट टोचल्याने ही अडचण टळते, पण ती आमवाताच्या वाटेत उभीच आहे.

तिसरे कारण, टिकाऊ कण बनवला म्हणजे रोगी बरा झाला असे होत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत गुडघ्यासाठी एक दीर्घकाळ झिरपणारे स्टिरॉइड मान्य झाले. त्यातले कण नॅनो नव्हेत, त्याहून शेकडो पटींनी मोठे. ४८४ रुग्णांच्या चाचणीत बाराव्या आठवड्यात ते मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरले, पण दुखण्याच्या मुख्य मोजमापात जुन्या साध्या स्टिरॉइडच्या तुलनेत ठामपणे सरस ठरले नाही. वाहन उत्तम असले तरी आत बसलेला प्रवासी कोण, हे महत्त्वाचे असतेच.

चौथे कारण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. कूर्चा झिजत जाते तसे तिच्यातले ते ऋण भाराचे रेणूही निघून जातात. म्हणजे ज्या ओढीवर कणाने आत शिरायचे, ती ओढच कमी होते. म्हणून हे उपचार आले तरी त्यांचा लाभ लवकर आलेल्या रुग्णाला जास्त होणार. आणि आमचे रुग्ण येतात केव्हा? पाय धनुष्यासारखे वाकल्यावर, हाडावर हाड घासू लागल्यावर! आधीची दहा वर्षे गोळी, तेल, पुडी आणि 'वय झालं, आता दुखायचंच' यांत जातात. औषधाला पत्ता सापडेल, पण तोवर घरच पडलेले असले तर काय उपयोग?

लहान म्हणजे शहाणे नव्हे

आता गुरुजींच्या कात्रणाकडे पुन्हा येतो. कण लहान करणे आणि कणाला पत्ता देणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. डायक्लोफिनॅकचे अतिबारीक कण करून बनवलेली एक गोळी अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाली. बारीक कण लवकर विरघळतात म्हणून मात्रा थोडी कमी लागते, एवढाच तिचा फायदा. ती गुडघा ओळखत नाही. आमच्या भस्मांतले कणही अतिसूक्ष्म असतात, असे कुणी अभिमानाने सांगतात. काही तपासण्यांत तसे दिसलेही आहे. पण पीठ बारीक दळले म्हणून भाकरी आपण होऊन ताटात येत नाही.

तेलाचे तर विचारूच नका. कातडी ही शरीराची भिंत आहे. तिच्यापलीकडे चरबी, स्नायू, सांध्याची पिशवी आणि मग ती बारीक चाळणी. चोळण्याने बरे वाटते, ऊब मिळते, घरचे माणूस शेजारी बसते, हे सारे खरेच आहे. त्यासाठी घरातले खोबरेल तेलही पुरते. 'गादी भरून येते' हा दावा मात्र निव्वळ थाप आहे. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. ज्या रोगांवरील इलाजाची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, त्यांच्या यादीत संधिवातही आहे. कायदा आहे, जाहिराती त्याहून जास्त आहेत!

माझे मत

काही सहकारी म्हणतात, अशा परदेशी संशोधनाच्या गप्पा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात कशाला? इथे आरोग्य केंद्रात क्ष-किरण यंत्र धड चालत नाही. मला हे मान्य नाही. ज्याला खरे काय ते ठाऊक नसते, तोच खोट्याला बळी पडतो. शास्त्राची बातमी आपण सांगितली नाही, तर ती बाटली विकणारा सांगणारच.

या संशोधनाबद्दल मी आशावादी आहे. दिशा बरोबर आहे आणि पायऱ्या एकेक करून चढल्या जात आहेत. पण ती आपल्या माणसांच्या उपयोगी पडायची असेल, तर तीन गोष्टी आतापासून घडायला हव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

एक, हे काम सरकारी पैशाने, सरकारी रुग्णालयांत व्हावे. केईएमने ते करून दाखवले आहे. आमच्याकडच्या बायका उकिडव्या बसून निंदणी-खुरपणी करतात, डोक्यावर ओझे वाहतात. त्यांच्या गुडघ्यांवर तपासलेले औषधच त्यांच्या उपयोगाचे. नॅनो औषधांचे मूल्यमापन कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढली आहेत. त्यांवर कागदोपत्री नव्हे, प्रत्यक्ष काम व्हावे.

दोन, किमतीचा विचार औषध आल्यावर नव्हे, आधीच व्हावा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. तोवर किती कुटुंबांनी सोने मोडून आणि जमीन गहाण ठेवून गुडघे बदलून घेतले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. काळ्या बुरशीच्या वेळीही तेच पाहिले. तिसऱ्यांदा पाहण्याची इच्छा नाही.

तीन, 'नॅनो' हा शब्द छापणाऱ्याला पुरावा मागावा. आत काय आहे, कण केवढा आहे, कुठल्या चाचणीत कुणावर तपासला, हे सांगता येत नसेल तर तो शब्द बाटलीवरून उतरवावा.

तोपर्यंत काय करावे?

औषधाला पत्ता मिळेल तेव्हा मिळेल. आपला गुडघा आज दुखतो आहे. त्यासाठी आज जे निश्चित उपयोगाचे आहे, तेवढेच सांगतो.

आधी रोग कुठला ते ठरवून घ्या. सकाळी तासभर हात आखडत असतील आणि बोटांचे सांधे सुजत असतील, तर 'वात आहे' म्हणून घरी बसू नका. आमवातावर मेथोट्रेक्सेटसारखी जुनी, स्वस्त आणि रोग रोखणारी औषधे उपलब्ध आहेत. पहिल्या काही महिन्यांत सुरू केली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. मात्र मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. मी रुग्णांना आठवडी बाजाराचा वारच नेमून देतो, म्हणजे विसर पडत नाही. सोबत फॉलिक आम्ल आणि वेळच्या वेळी रक्ताची तपासणी हवीच.

झिजेचा गुडघा असेल तर वजन उतरवा. एक किलो वजन उतरले की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात मोजले गेले. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकटी द्या. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ उचला, दहा अंक मोजा, खाली ठेवा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरा. शौचासाठी उकिडवे बसणे टाळून खुर्चीची सोय करा. यातल्या एकाही गोष्टीला 'नॅनो' म्हणत नाहीत, पण आज तरी यांच्याइतका नेमका पत्त्यावर पोहोचणारा उपाय मला ठाऊक नाही.

गुडघ्यात 'नवे नॅनो इंजेक्शन' देतो असे कुणी म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा. याला सरकारी मान्यता आहे का? ही चाचणी असेल तर राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद आहे का? आणि चाचणी असूनही माझ्याकडून पैसे का घेता? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर चप्पल घालून बाहेर या.

गुरुजी परवा पुन्हा आले होते. तेल मागवले नाही. मुलाने त्या पैशांत शौचाची खुर्ची आणली. व्यायामाचे काय, विचारले तर हसले आणि म्हणाले, "मुलांना गृहपाठ दिला तेवढा सोपा नाही, डॉक्टर." गृहपाठ सोपा नसतोच, पण पाठ मात्र त्यानेच पक्का होतो, हे गुरुजींना मी काय सांगावे!